बाबली पाडेल्याच्या पायावरचा पोपट

आमच्या गावात कोणाच्या परसात काय चालतं हे खरोखर कोणाला ठाऊक असेल तर ते बाबली पाडेल्याला. पाडेली म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. बेचाळीस वर्षं हा माणूस गावातल्या एकेका माडाच्या शेंड्यावर बसून आला. वरून सगळं दिसतं. सोमवारी कोणाच्या चुलीवर बांगडा भाजला जातो, कोणती सासू खिडकीखाली उभी राहून सुनेचा फोन ऐकते, कोणाचा नवरा गोठ्यामागे जाऊन काय पितो. चढण्याआधी बाबली खालून हाक घालायचा, "माडार चढतंय गोऽऽ!" म्हणजे न्हाणीतल्या बायकांनी दार ओढून घ्यावं. तरीसुद्धा त्याने काय काय पाहिलं असेल या विचाराने माझी कित्येक दुपारची झोप उडालेली आहे.

आणि या माणसाने मला कधी एक अक्षर सांगितलं नाही. मी त्याला चहा पाजला, कसालच्या बाजारातून जिलबी आणून खाऊ घातली. एकदा अगदी जवळ सरकून विचारलं, "बाबल्या, मेस्त्र्याच्या परसात काल काय बघलंस रे? खरा सांग."

त्याने जिलबीचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला, बोटं चाटली, बराच विचार केला आणि म्हणाला, "माडाक किडो लागलो हा."

असा माणूस. दोन वर्षांपूर्वी गुडघे गेले आणि त्याने चढणं सोडलं. तेव्हापासून तो घरी बसून झावळ्या विणतो. त्यांची झापां तारकर्लीच्या लॉजवाल्यांना लागतात, पर्यटकांना गवताच्या नाहीतर झापांच्या छपराखालीच मासे गोड लागतात म्हणून. आयुष्यभर आभाळात राहिलेला माणूस जमिनीवर बसला, आणि त्याची बायको सुभद्रा म्हणाली, "ह्यो वर होतो ताच बरा होता. खाली इल्यापासून चुलीच्या वाटेत येता."

गेल्या शिमग्यानंतर बाबली झापां पोचवायला तारकर्लीला गेला आणि येताना रिक्षात मांडीवर पिंजरा घेऊन आला. वर गोणपाट झाकलेलं. मी नाक्यावरच होतो. मी नाक्यावर नसतो असं सहसा होत नाही. मी गोणपाटाचं टोक उचललं आणि लगेच सोडलं.

आत पोपट होता, पण तो पोपट आहे हे डोक्यावरून आणि चोचीवरून ओळखायचं. छातीवर एक पीस नव्हतं. सोललेल्या कोंबडीसारखी कातडी, तीसुद्धा टोचून लाल झालेली. एक पंख लोंबत होता. उजेड पडताच तो मागच्या कोपऱ्यात गेला आणि गजावर डोकं आपटायला लागला. ओरडला मात्र नाही. ओरडणाऱ्या पोपटाची माणसाला सवय असते. हा मुकाट डोकं आपटत होता.

जितेंद्र म्हणून एकाचं तारकर्लीत लॉज आहे. आम्ही त्याला जितूशेठ म्हणतो. हा पोपट सात वर्षं त्याच्याकडे होता. आधी त्याच्या मुलीचा, रियाचा. ती पुण्याला शिकायला गेली आणि पिंजरा जेवणघराच्या काउंटरवर आला. मग येणारा-जाणारा त्याला 'हॅलो बोल, हॅलो बोल' करायचा. तो बोलला नाही की कोणी स्ट्रॉ खुपसायचं, कोणी बिअरमध्ये बुडवलेला वेफर द्यायचं. आचारी पिंजऱ्यावर डाव बडवून त्याला शिकवायचा. एकदा एका पाहुण्याचं बोट फोडलं, तेव्हा त्याच आचाऱ्याने पिंजऱ्याचं दार पंखावर आपटलं. मग कोणीतरी त्या उघड्या छातीचा व्हिडिओ काढून मोबाइलवर टाकला, खाली लिहिलं की पोपट पाळणं गुन्हा आहे, आणि जितूशेठला एकाएकी भूतदया सुचली. "खंय तरी सोडून दी रे तेका," असं त्याने बाबलीला सांगितलं. निदान तेव्हा मी तरी असंच समजलो.

बाबलीने सोडला नाही. तो स्वतः जाऊन वनखात्यात सांगून आला. त्यांचा माणूस येऊन बघून गेला. "पंखाचं हाड जुनं मोडलेलं आहे, हा आता उडणार नाही," असं तो म्हणाला. "सोडलात तर कावळे फाडतील. आमचा निरोप येईपर्यंत तुम्हीच सांभाळा. आणि शक्यतो पिंजऱ्यात कोंडू नका."

त्या दिवसापासून पिंजऱ्याचं दार उघडं राहिलं. पोपट बाहेर आला नाही. मागच्या पडवीत पिंजरा, समोर पेरूची फोड. बाबली असेपर्यंत तो फोडीकडे बघायचासुद्धा नाही. बाबली उठून गेला की खायचा, आणि मग स्वतःचं उरलेलं एखादं पीस उपटायचा. चैत्र गेला, आंबे गेले, तरी हेच. मी रोज विचारायचो, "काय रे, बोललो काय पोपट?"

"नाय."

"मगे तुमचा दोघांचा जमला म्हण की. घरात दोन मुके."

पण बाबलीची नजर माडावरची. बेचाळीस वर्षं गप्प बसून बघायची सवय. त्याच्या लक्षात आलं की पोपट तोंडाला भीत नाही, आवाजालाही फारसा नाही. तो हाताला भितो. सुभद्रा नुसती पदर सावरायला हात वर करायची आणि आत डोकं गजावर. तेव्हापासून बाबली पोपटाकडे पाठ करून बसायला लागला. दोन्ही हात पुढे मांडीवर, पोपटाला दिसणार नाहीत असे. आणि पेरू द्यायचा पायाने.

तुम्ही पाडेल्याचा पाय पाहिलेला नसेल तर सांगतो. पंजा पसरलेला, टाच दगडासारखी, आणि अंगठा बाकीच्या बोटांपासून इतका फाकलेला की त्या फटीत बाबली विडी धरून दाखवतो. त्या फटीत तो पेरूची फोड धरायचा आणि पाय हळूच मागे सरकवायचा. असा तासन् तास. सुभद्राने एक दिवस हे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. (हात खाली घे म्हणून बाबलीने मानेनेच खूण केली.)

"चाळीस वर्सां माका पाठ दाखवलंस," ती म्हणाली, "आता पोपटाक दाखय. पण तेका निदान पेरू तरी गावता."

पावसात पोपट पिंजऱ्याबाहेर आला. गणपतीत त्याने पहिल्यांदा बाबलीच्या अंगठ्याच्या फटीतली फोड ओढली. बाबलीने पिंजरा उचलून मांगरात, म्हणजे परसातल्या गवत-लाकडाच्या खोपटात, नेऊन टाकला, कारण आता तो नुसता दिसला तरी पोपटाची छाती धडधडायची. पडवीत काजूची एक फांदी बांधली, पोपट तिच्यावर राहायला लागला. छातीवर राखाडी लव आली. आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी तो फांदीवरून उतरला, चालत चालत आला आणि बाबलीच्या पायावर चढून बसला. त्या दगडी टाचेवर. चोच घासली, एक डोळा मिटला.

हे मी स्वतः दाराच्या फटीतून पाहिलं. बाबली पुढे बघत होता. त्याला ते दिसत नव्हतं, नुसतं वजन कळत होतं. त्याचा चेहरा मला दिसत होता. तो कसा होता ते मी लिहिणार नाही. त्याने माझ्यावर इतकी वर्षं विश्वास ठेवला नाही, एक गोष्ट तरी माझ्याजवळ राहू दे.

पायावरची गोष्ट मात्र मी दिवाळीपर्यंत गावभर केली. तारकर्लीला गेलो तेव्हा जितूशेठलाही रंगवून सांगितली. तो गल्ल्यामागून हसला. "हाताक भियातलोच तो," म्हणाला. "तेका ढोलीतून काढललो कोणी? बाबल्यानच."

मग त्याने सांगितलं. लॉज बांधताना आवारात शेंडा गेलेला एक मेलेला माड होता. तो पाडायला बाबलीला बोलावलं. अर्ध्यावर पोपटाची ढोली लागली. बाबलीने आत हात घातला, दोन पिल्लं काढली, पंच्यात गुंडाळून खाली आणली आणि दारात उभ्या असलेल्या रियाला म्हणाला, "घे गो, तुका." एक संध्याकाळीच मेलं. यात नवल काही नाही. आमच्याकडचे पाडेली पिढ्यान् पिढ्या हेच करत आलेत. माड पाडला, पिल्लं मिळाली, मालकाच्या पोरांना दिली. कोणी त्याला वाईट म्हटलेलं मी ऐकलं नाही.

जितूशेठ म्हणाला, "मी तेका टाकूकच सांगी होतंय. बाबल्यान बघलो, आणि थयच बसलो. म्हणालो, माका दी, माझ्याच हातान काढललो तो."

एवढी मोठी बातमी पोटात घेऊन मी गप्प बसेन होय? त्याच संध्याकाळी चार माणसांत मी म्हटलं, "अरे बाबल्या, तू तर चोर! तूच ना काढलेलंस पिल्लू?"

"माका ठावक आसा," बाबली म्हणाला आणि झाप विणत राहिला. पाती ओढताना त्याचं बोट कापलं. त्याने ते तोंडात घातलं. त्या दिवशी चारचौघांत हसलेला मी एकटाच होतो.

देवदिवाळीला देवळात कौल झाला. देवाने गावपळण सांगितली.

बाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागतं. आमच्याकडच्या काही गावांत दर काही वर्षांनी देवाचा हुकूम होतो आणि सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री गाव सोडून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळं. गावात एकही पाळलेला जीव राहायचा नाही. घरांना कुलपं. खाडीपलीकडच्या माळावर झावळ्यांच्या झोपड्या उभारायच्या, तिथेच रांधायचं, भजनं करायची. आम्हाला मजा वाटते. रक्तदाबाची गोळी घेणारे म्हातारेसुद्धा खाडीत गळ टाकून बसतात. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घ्यायचा आणि परतायचं.

दिवस ठरला. मध्ये दहा दिवस होते. सगळे झापां मागायला बाबलीकडे, आणि बाबलीच्या डोक्यात एकच गोष्ट. पोपट न्यायचा कसा? पिंजऱ्यात तो आपणहून जाणार नाही. कोंबायचा तर धरावा लागणार, हातांनी. फांदीसकट उचलून न्यावा म्हणून बाबलीने पहिल्याच दिवशी फांदीला हात लावून पाहिला. पोपट खाली पडला आणि मोडका पंख ओढत कोपऱ्यात गेला. दोन दिवस पायावरही आला नाही.

मी सुचवलं, "पायार बसव आणि लंगडी घालीत चल. माळ काय लांब नाय." कोणी हसलं नाही. मग आम्ही दोघे देवाचा मानकरी गंगाराम याच्याकडे गेलो.

"गंगाराम, तीन दिवस पोपट घरातच ऱ्हवलो तर?" मी विचारलं. बाबली माझ्यामागे उभा.

"कोंबडी ऱ्हवता?"

"नाय."

"मांजर?"

"नाय."

"मगे पोपट काय देवाचो जावई?" गंगारामने पान लावता लावता वर पाहिलं. बाबलीचा चेहरा बघून त्याचा आवाज उतरला. "बाबल्या, माझा काय नाय रे. पण उद्या गावात कोणाचा काय झाला, गाय मेली, पोर पडला, तर लोक तुझ्या पोपटाक नाव ठेवतले. मारून टाकतले तेका. पिंजऱ्यात घालून आण. होया तर चार जणांक धाडतंय धरूक."

चार जण धरायला. बाबली घरी गेला.

उरलेल्या सात दिवसांत त्याने एक झाप विणलं नाही. पहाटेपासून दिवे लागेपर्यंत पडवीत. आता तो पोपटाकडे तोंड करून बसायचा, हात जमिनीवर पालथा टाकून. नुसता टाकलेला, मेल्यासारखा. दुसऱ्या दिवशी हात उताणा केला. तिसऱ्या दिवशी तळव्यावर पेरू ठेवला. पोपट हातापासून लांब वळसा घालून पायाकडे यायचा आणि तिथे फोड नाही म्हणून अंगठा टोचायचा. बाबली पाय आखडून घ्यायचा. मला वाटतं त्याला सगळ्यात जड हेच गेलं असेल, पाय आखडून घेणं.

दहातल्या आठव्या दिवशी सुभद्राने मला कुंपणापाशी गाठलं. ही बाई मला एरवी 'इलो रेडिओ' म्हणते. त्या दिवशी म्हणाली, "भावोजी, तुमी दोन दिस हय येव नुको. तेनी काल जेवलाच नाय." मी गेलो नाही. सोपं नव्हतं ते.

नवव्या दिवशी दुपारी तिनेच, पोराबरोबर निरोप न धाडता, स्वतः येऊन सांगितलं की पोपटाने एक पाय बाबलीच्या हाताच्या बोटावर ठेवला. एकच. दुसरा जमिनीवर. ठेवला आणि पेरू घेऊन मागे सरला. सांगताना ती हसत होती आणि पदराने नाक पुसत होती. "आणि दोन दिस गावले असते तर," ती म्हणाली.

दोन दिवस नव्हते. दहाव्या दिवशी सकाळपासून गाव हलायला लागला. टेम्पोत बकऱ्या, टोपल्यांखाली कोंबड्या, दोरीला कुत्री, कोणाची तरी मांजर शाळेच्या दप्तरात. आरडाओरडा, हाका, त्यात देवळात ढोल सुरू झाला. दुपारच्या आत वेस ओलांडायची होती. ढोलाचा पहिला ठोका पडला आणि पोपट फांदीवरून भिंतीला चिकटला, चोचीने आणि नखांनी वर चढत चढत छपराखाली गेला, आणि वाशाच्या सांध्यातल्या फटीत जाऊन बसला.

मी पोचलो तेव्हा गंगारामने पाठवलेले दोघे दारात उभे होते, हातात मासे धरायची जाळी. बाबलीने त्यांना हाताने थांबवलं. "तुमी भायर ऱ्हवा," म्हणाला. मग त्याने गुडघ्याला पंचा आवळून बांधला आणि पडवीचा खांब धरला.

दोन वर्षांनी तो चढत होता. खांब काही माड नाही, दहा फूटसुद्धा नसेल. पण त्याच्या तोंडातून प्रत्येक पावलाला आवाज येत होता. वर जाऊन तो आडव्या वाशावर बसला. आधी त्याने हात पुढे केला, उताणा, आणि तसाच ठेवला. बाहेर ढोल. खाली सुभद्रा, मी, दोघे जाळीवाले. कोणी तरी म्हणालं, "काका, येळ झालो." बाबलीने हात हलवला नाही. किती वेळ ते सांगता येत नाही. फटीतून दोन डोळे दिसत होते. ते हाताकडे बघत होते.

मग त्याने गुडघ्याचा पंचा सोडला, हाताला गुंडाळला आणि हात फटीत घातला.

पोपट तेव्हा ओरडला. आठ महिन्यांत पहिल्यांदा. आणि पंचा असूनसुद्धा त्याने बाबलीचा अंगठा हाडापर्यंत फोडला. बाबली एका हाताने खाली उतरला, रक्त कोपरापर्यंत आलं होतं. सुभद्राने मांगरातला पिंजरा आणून ठेवला होता. त्यात त्याने तो पंच्यासकट घातला, पंचा काढून घेतला आणि दार लावलं. कडी लागताना आवाज झाला तो मी ऐकला.

तीन दिवस आमची मजा झाली. खोटं कशाला सांगू, झालीच. मासे भरपूर मिळाले, भजनं रंगली, गंगाराम पत्त्यांत हरला. बाबलीची झोपडी कडेला होती. तो पिंजऱ्याजवळ बसलेला असायचा, दार उघडं टाकून, हात मागे घेऊन, पाय पुढे करून. पायाच्या फटीत फोड. पोपट भिंतीकडे तोंड करून. छातीवरची राखाडी लव दुसऱ्या दिवशी निम्मी झाली. मी जाऊन बसलो आणि काहीतरी बोलावं म्हणून म्हटलं, "ओरडलो तरी ना रे! आवाज इलो तेका."

बाबलीने माझ्याकडे पाहिलं नाही. "होय," म्हणाला.

चौथ्या दिवशी कौल झाला, गाव परतला, कुलपं उघडली. त्यानंतर कोणाची गाय मेली नाही, कोणाचं पोर पडलं नाही. गंगाराम एकदा स्वतः पेरू घेऊन बाबलीकडे गेला आणि अंगणातूनच ठेवून परत आला.

आता दोन महिने झाले. बाबलीने पिंजऱ्याचं दार उपटून काढलंय, पण पोपट आतच असतो. पाय दिसला तरी आता तो डोकं आपटतो. आधी नुसता हाताला भीत होता.

परवा मी गेलो होतो. कुंपणाबाहेरूनच विचारलं, "बाबल्या, आता किती दिस लागतले?"

"पयल्या वेळाक सात महिने लागले," तो हळू आवाजात म्हणाला. "आता जास्ती."

"किती जास्ती?"

"माका काय म्हायत." मग म्हणाला, "तू जा आता. तुझी छत्री बघून भियाता तो."

मी उन्हासाठी उघडलेली छत्री मिटून पाठीमागे धरली आणि उभा राहिलो. पडवीत बाबली पाठ करून बसला होता. पिंजऱ्यात पोपट पाठ करून बसला होता. मध्ये जमिनीवर सकाळची फोड होती, तिला मुंग्या लागल्या होत्या.